दूध सांडलंच न्हवतं

झुंबरच्या अंगावर दूध सांडलं, असं आमच्या घरानं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे बसून मसलत केली असं न्हाई. पोरगी चार वर्षांची असताना कानामागं पांढरा डाग आला, चिंचोक्याएवढा. शेजारच्या कांताबाईनं नळावर इचारलं, "आसरा, पोरीच्या मानेला काय झालं गं?" आन् आमची बायको बोलून गेली, "उतू गेलेलं दूध सांडलं बाई, भाजली." झालं. एकदा तोंडातून गेलं की मंग ते सांभाळावं लागतं, दुसऱ्याची बकरी दारात बांधल्यावानी.

जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हे कोड हाय. एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई, दुखत न्हाई. गेलं तर जाईल, न्हाईतर राहील. मी म्हणलं, "सायेब, एवढंच आमच्या पावण्यारावळ्याला येऊन सांगता का?" तो हसला. मला काही हसू आलं न्हाई.

डाग वाढत गेला. भाजल्याचा डाग कव्हा वाढतो का? पण हा गालावर आला, मंग दोन्ही हातांवर कोपरापोत आला. गावाला कळत न्हवतं असं बिलकुल न्हाई. पण गावानं बी दूधच धरून ठेवलं. "दूध लईच कडक असंल," म्हणायचे. त्यात कुचेष्टा किती आन् माया किती, मला आजपोत सांगता येत न्हाई. एक मातर खरं. दूध म्हणलं की शाळेत पोरी तिच्याजवळ बसायच्या. कोड म्हणलं असतं तर आयांनी हात धरून उठवून नेल्या असत्या. माझा बाप मेंढरं राखायचा. कळपात एखादं कबरं कोकरू निघालं की त्याला मांडीवर घेऊन बसायचा, म्हणायचा हे लांबून ओळखू येतं. माणसाचं तसं न्हाई.

ह्या सगळ्यात खरोखर फसली ती एकटी झुंबर. तिला वाटायचं, खरंच दूध सांडलं. चुलीवर पातेलं चढलं की ती बाहीर पळायची. दूध तर सोडाच, चहा बी तोंडाला लावायची न्हाई. आन् मधीच कव्हातरी आईला इचारायची, "आई, तू पातेलं नीट काहून धरलं न्हाई?"

आसरा दरखेपी म्हणायची, "चुकलं माझं बाई."

न केलेली चूक बाईनं दोन वर्षं आपल्या अंगावर घेतली. मी जीप चालवायचो, घनसावंगी ते आमचं गाव, दिवसभर ये-जा. घरी आलो की ते ऐकायचो आन् हातपाय धुवायला जायचो.

आमची थोरली मालन. तिच्यासाठीच तर हे सगळं दूध. घरात कोड हाय म्हणल्यावर थोरलीला कोण करंल? मालन आठवीपोत शिकलेली, मशिनीवर झंपर, झगे शिवायची, बोलायला कमी. तिच्या मामानं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानं, इंद्रभाननं आष्टीचं एक ठिकाण आणलं होतं. पोरगा मच्छिंद्र, घरची काळी जमीन, पाणी. मालननं फोटो पाहिला आन् तो परत दिलाच न्हाई. इंद्रभाननं मागितला तव्हा म्हणली, "मामा, कुठं ठेवला ध्यानात न्हाई." त्याच्यावरून आम्ही काय समजायचं ते समजलो.

त्याच हिवाळ्यात, नव्याण्णव साल असंल, झुंबर पयलीत गेलेली, तिच्या शाळेत ते पुस्तक आलं.

आलं म्हणजे आधी पेटीत गेलं. शाळेला चित्राच्या पुस्तकांचा गठ्ठा आला की हेडमास्तर लोखंडी पेटीत घालून कुलूप लावायचे. पोरांनी फाडलं तर तपासणीला दाखवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. पण नव्या आलेल्या पुष्पाबाईनं भांडून किल्ली घेतली. ह्या बाई घनसावंगीहून रोज माझ्याच गाडीत यायच्या. वयानं लहान, बोलायला मऊ, पण एकदा धरलं की सोडायच्या न्हाईत.

त्या पुस्तकात नदीकाठचं एक गाव. एक पोरगं कुबड्या घेऊन चिंचा पाडून राह्यलं. एकाला जाड भिंगाचा चष्मा. एक पोरगी मुकी, ती हातानं बोलती. आन् एक पोरगी पतंग उडवून राह्यली, तिच्या गालावर आन् हातांवर पांढरे डाग, अर्ध्या बाह्यांचा झगा. शेवटच्या पानावर सगळी एका पंगतीला जेवायला बसलेली. अक्षरं थोडी. मी तिसरीपोत शिकलेलो, मला बी वाचता आली.

झुंबरनं ते छातीशी धरून घरी आणलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. गाडी पुसत होतो तिथं आली.

"दादा, मी पुस्तकात हाय."

मी बघितलं. बघून फडकं झटकलं.

"दादा, हिच्यावर दूध न्हाई सांडलं. मी बाईला इचारलं. बाई म्हणल्या, हिची कातडीच अशी. काहींची काळी, काहींची गोरी, काहींची दोन्ही. मंग माझ्यावर बी न्हवतं का सांडलं?"

मी म्हणलं, "जा, आईला इचार."

घरात काय बोलणं झालं मला ठाऊक न्हाई. मी आत गेलो तर आसरा चुलीपुढं बसलेली, डोळ्याला पदर, आन् झुंबर कपातनं दूध पिऊन राह्यली. फुंकर मारायची, घोट घ्यायची, पुन्हा फुंकर. मिशी आलेली दुधाची. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला आष्टी दिसली.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई गाडीत बसल्या, तशी मी सुरुवात केली.

"बाई, तुम्ही माझ्या पोरीला काय शिकवून राह्यल्या?"

"काय झालं, रायभानभाऊ?"

"दूध सांडलंच न्हवतं म्हणे."

"मी तिचं नावसुद्धा घेतलं नाही हो. पोरांनीच बोट दाखवलं, ही झुंबर म्हणून. तर ती रडायची सोडून हसली. मग मलाच विचारलं, हिच्यावर कोणी दूध सांडलं? मी काय सांगायला पाहिजे होतं?"

"हो म्हणायचं. कोणीतरी सांडलं म्हणायचं."

"पुस्तकात तसं नाही ना."

"पुस्तक छापणाराला पोरगी उजवायची न्हाई, बाई. मला हाय."

"म्हणजे लहानीनं जन्मभर पातेल्याला भ्यायचं?"

"जन्मभर कोण म्हणलं? मालनचं लग्न होईस्तोर."

मागं बसलेला एक म्हातारा खोकला. बाई उतरताना म्हणल्या, "पुस्तक परत घेऊ का तिच्याकडून?" मी म्हणलं, "आता घेऊन काय करता?" त्या दमलेल्या दिसत होत्या. मी बी दमलेलोच होतो. भांडण रंगायला एकाच्या तरी अंगात जोर लागतो.

पावणे रविवारी येणार असं ठरलं. इंद्रभान आदल्या दिवशी येऊन सांगून गेला, "दाजी, लहानीला वडीगोद्रीला मावशीकडं धाडा. दरवेळी धाडता तसंच."

खरं होतं ते. घरी मोठा पावणा असला की झुंबर मावशीकडं, कडूबाईकडं जायची. आधी उड्या मारत जायची, कारण मावशी रोडवरच्या दुकानातून गोळ्या घेऊन द्यायची. ह्या खेपी दप्तरात ते पुस्तक घातलं आन् मला इचारलं, "दादा, मला बघितलं तर ताईला न्हाई म्हणतेन का?"

मालन तिथंच चौकटीत उभी होती. खाली बघून वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राह्यली. मी तिला दोष देत न्हाई. तिला ते घर पाहिजे होतं.

"चल, बस गाडीत," मी झुंबरला म्हणलं.

घनसावंगीच्या स्टँडवर कडूबाई येऊन पोरीला घेऊन जाणार होती. आम्ही थांबलो. एक बस आली, गेली, कडूबाई न्हाई. पाशिंजर गाडीत बसून बोंबलायला लागले. मागून कळलं की तिची म्हैस त्याच सकाळी व्याली. आता सहा वर्षांची पोरगी स्टँडवर सोडता येती का? म्हणलं, परत नेऊ, कांताबाईच्या घरात बसवू, पावणे जाईपोत.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, आवाज खणखणीत.

"डायवर, ह्या गावाला जाती का गाडी?" गाव आमचंच.

"जाती. बसा म्होरं."

झुंबर मधी सरकली, म्हातारी तिच्या बाजूला बसली. गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर म्हातारी म्हणली, "तिथं रायभानचं घर माहीत हाय का? मी आष्टीची गोजरबाई. भाच्याला पोरगी बघायची. भाऊ येऊन राह्यला फटफटीवर, मी लेकीकडं मुक्कामी होते घनसावंगीत, म्हणलं जीपनं जावं."

माझा पाय रेसवरून निघाला. मागं गाडी खच्चून भरलेली, सगळी आमच्या गावची माणसं. एकानं बी म्हणलं न्हाई की हाच की तो रायभान.

"हाय माहीत," मी म्हणलं. "दारात सोडतो."

"माणसं कशी हायेत?"

"बरी हायेत."

मागून कोणीतरी नाकातनं हसलं.

मी मनात देवाला म्हणलं, ही पोरगी झोपू दे. पण झुंबरनं दप्तर उघडलं. पुस्तक काढलं, आजीच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, ही मी हाय."

म्हातारीनं पुस्तक लांब धरून बघितलं. मंग पोरीकडं बघितलं. तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"काय झालं गं हे?"

"काहीच न्हाई झालं. कातडीच अशी. आधी दूध सांडलं म्हणायचे, पण दूध सांडलंच न्हवतं."

"कोण म्हणायचं?"

"आई. दादा. सगळे."

"आन् तू कुठं निघाली दप्तर घेऊन?"

"मला मावशीकडं धाडून राह्यले होते. ताईला बघायला पावणे येणार ना आज. त्यांनी मला बघू नये म्हणून. पण मावशी आलीच न्हाई."

गोजरबाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी रस्ता बघितला. रस्त्यात बघण्यासारखं काही न्हवतं, दोन्हीकडं ऊस आन् म्होरं बैलगाडी.

"ह्या पोराला कुबड्या काहून?" म्हातारीनं पुस्तकावर बोट ठेवलं.

"त्याचा पाय बारीक हाय. पण चिंचा तोच पाडतो. बघा."

घर येईपोत झुंबरनं तिला पान न पान दाखवलं. म्हातारी व्हय, व्हय करत राह्यली. उतरताना मला म्हणली, "डायवर, घर बराबर दाखवलंत," आन् काठी टेकत आत गेली. मी झुंबरला म्हणलं, "इथंच बस. हलू नको." कांताबाईकडं नेण्यात आता काय राह्यलं होतं?

आत फटफटीवरून आलेला पुंजाराम, म्हणजे पोराचा बाप, आन् इंद्रभान सतरंजीवर बसलेले. मी टॉवेल खांद्यावर टाकून गेलो, रामराम केला. इंद्रभान म्हणला, "हे आमचे दाजी, रायभान." गोजरबाई म्हणली, "वळख झाली आमची." तेवढंच.

मालन पव्हे घेऊन आली. नाव, गाव, शिक्षण, सगळं झालं. पुंजारामला पसंत पडलेली दिसत होती. त्यानं दोनदा पव्हे घेतले. गोजरबाईनं मालनला जवळ बसवून शिवणकामाचं इचारलं. मंग बशी खाली ठेवली आन् आसराला म्हणली,

"धाकटी कुठंय?"

"मावशीकडं गेली, आत्याबाई. वडीगोद्रीला."

"कव्हा?"

"काल... काल गेली."

म्हातारी माझ्याकडं वळली. "काय हो डायवर, तुम्ही सांगा."

इंद्रभाननं मला डोळा घातला. मालननं मान वर केली. मला एकदम लई थकवा आला. दोन वर्षं ते पातेलं मीच उचलून फिरत होतो असं वाटलं.

"दारात हाय. गाडीत बसलीय," मी म्हणलं.

आसरानं कपाळाला हात लावला. गोजरबाईनं तिथूनच हाक मारली, "ये गं पुस्तकवाले."

झुंबर दप्तर पाठीला लावून आली. पुंजारामनं तिच्या तोंडाकडं बघितलं, हातांकडं बघितलं, आन् त्याचा चेहरा दार लावल्यावानी झाला.

"हे काय?"

आसरा बोलली, "दूध..." आन् थांबली. झुंबर तिच्याकडं बघत होती. आसरानं पदर सारखा केला. "कोड हाय," ती म्हणली. "डॉक्टर म्हणतो लागत न्हाई." घरात ते नाव पयल्यांदा कोणी मोठ्यानं घेतलं.

पुंजारामनं जायच्या येळेला "कळवतो" म्हणलं. कळवतो म्हणजे काय, ते पोरीच्या बापाला कळतं. गोजरबाई माझ्याच गाडीनं घनसावंगीला गेली. वाटंत म्हणली, "खोटं बोलायचं तर गाडीत सगळ्यांनी मिळून बोलावं लागतं. लेकराला सांगायचं राह्यलं तुमचं." तिला राग आल्ता का मजा वाटली, मला कळलं न्हाई. भाडं घेऊ का नको तेवढ्यात ती उतरून गेली.

त्यानंतर घरात कोणी कोणाला बोलंना. मालन मशिनीवर बसायची आन् सुई तुटायची. झुंबरनं एकदा तिला म्हणलं, "ताई, माझं चुकलं का?" मालन म्हणली, "गप गं. दोरा ओवून दे." तेवढंच बोलणं.

मंग इंद्रभान आला. तोंड ना गोड ना कडू.

"दाजी, जमलं. आत्याबाईनं अडून धरलं म्हणून जमलं. पण इवायाचं, पुंजारामचं, एक म्हणणं हाय. करवली म्हणून झुंबर न्हाई चालणार. त्यांच्याकडची माणसं लई येतेन. लग्नात पोरीला मावशीकडं ठेवा."

करवली म्हणजे नवरीची धाकटी बहीण. कळस घेऊन नवरीच्या मागं उभी राहते ती. झुंबर सोयरीक निघाल्यापसून तांब्या डोक्यावर घेऊन अंगणात चालून बघत होती.

मी काही बोलायच्या आत आतून मालन म्हणली, "मंग मला बी मावशीकडंच ठेवा."

इंद्रभान उठला, आष्टीला जाऊन परत आला. आता म्हणणं थोडं उतरलं होतं. करवली उभी राहू द्या, पण झगा लांब बाह्यांचा, मनगटापोत. मानेला रुमाल. गालाला पावडर. ह्याच्याखाली पुंजाराम यायला तयार न्हाई.

मी म्हणलं, "बरं."

सरळ सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. मे महिन्यात लांब बाह्या, पण लग्न तर लागंल. माणूस थकला की "बरं" लवकर म्हणतो.

कापड आणलं. झुंबरचा झगा मालनच शिवणार. पोरगी दोन्ही हात पसरून उभी, मालन टेप लावून राह्यली, तोंडात टाचण्या. मी उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होतो. तिनं टेप खांद्यावर धरली आन् थांबली. टाचण्या काढल्या.

"दादा, बाह्या कुठपोत घेऊ?"

तिला ठाऊक होतं कुठपोत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आसरा चुलीपसून उठून आली.

झुंबर म्हणली, "पुस्तकातल्या पोरीच्या अर्ध्या हायेत." हट्ट न्हवता. आपलं सांगितलं, माहिती असावी म्हणून. तिचे हात अजून तसेच पसरलेले होते, पांढरे-सावळे.

मी तंबाखूवर थाप मारली. "अर्ध्याच घे."

"आन् पावणे?"

"पावण्याचं मी बघतो."

"काय बघता, दादा?"

"बघतो म्हणलं ना. काप."

माझं मन बदलायच्या आत तिनं कात्री चालवली. आसरा म्हणली, "आवं, सोयरीक मोडली तर?" मालननं मान न उचलता उत्तर दिलं, "तर हा झगा दुसऱ्या लग्नाला होईल." पण कापड जरा वाकडं कापलं गेलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं, की मांडवाखाली पत्रावळी वाळून कडक झाल्या. वऱ्हाड उतरलं. झुंबर कळस घेऊन बाहीर आली, अर्ध्या बाह्या, गालाला पावडर न्हाई. आष्टीच्या बायांच्यात कुजबूज चालू झाली. पुंजाराम सरळ माझ्याकडं आला.

"इवाई, बाह्याचं ठरलं होतं."

मी बघतो म्हणलो होतो, पण काय बघणार ते मला बी ठाऊक न्हवतं. तोंडातून निघालं, "कापड पुरलं न्हाई."

"पुरलं न्हाई?"

"पन्हा कमी निघाला."

तेवढ्या बोलण्यावर लग्न अडलं होतं, वाजंत्री बी थांबलेले. तिकडून गोजरबाई काठी टेकत आली.

"काय झालं?"

"म्हणतेत कापड पुरलं न्हाई," पुंजाराम म्हणला.

म्हातारीनं झुंबरची बाही दोन बोटांत धरून बघितली. "नसंल पुरलं. आजकाल कापडाचं असंच हाय. माझ्या झंपराला बी कमीच पडतं."

"आक्का, तुला दिसून राह्यलं ना—"

"मला सगळं दिसतं. शिवलं कोणी हे?"

"मालननं," मी म्हणलं.

"तर मंग तुझ्या सुनेला इचार, पुंजा. कर हिशेब तिच्यासंगं. न्हाईतर अक्षता वाट, लोकं उन्हात हायेत."

पुंजारामनं बोहल्याकडं बघितलं. मच्छिंद्र मुंडावळ्याआडून इकडंच बघत होता, मालन खाली. बापाला काय दिसलं कोण जाणे. त्यानं टोपी काढून घाम पुसला, टोपी घातली, आन् आपल्या माणसांत जाऊन उभा राह्यला. वाजंत्री लागली.

लग्न लागलं. पंगतीला झुंबर बसली तव्हा तिच्या शेजारच्या दोन बाया सरकल्या. एक न्हाई सरकली, पण तिनं बी ताट आपल्याकडं ओढून घेतलं. पुष्पाबाई आल्त्या, त्यांनी ते बघितलं आन् उठून झुंबरच्या शेजारी जाऊन बसल्या. पुंजाराम आमच्याकडं वर्षभर जेवला न्हाई, चहा तेवढा घ्यायचा.

वऱ्हाड गेल्यावर मांडवात उष्ट्या पत्रावळी आन् कुत्री राह्यली. मी जीपच्या पायरीवर बसलो. झुंबर येऊन शेजारी टेकली, झग्यावर हळदीचे डाग, हातात रिकामा कळस.

"दादा, पाय दुखून राह्यले माझे. लई येळ उभं केलं."

"माझे बी," मी म्हणलं. "सरक जरा."